निळी भिंत, हिरवी भिंत आणि बातम्यांचे टेबल

संस्कृत नाटकांत ‘नेपथ्य’ हा शब्द रंगभूमीच्या पडद्यामागील जागेसाठी आणि नटाच्या वेषभूषेसाठी वापरला जात असे. ‘नेपथ्ये’ अशी सूचना आली की पुढचे बोलणे प्रेक्षकांना न दिसणाऱ्या ठिकाणाहून ऐकू येते, असे समजायचे असे. मराठी नाट्यव्यवहारात हा शब्द पडद्यामागून पडद्यापुढे आला आणि रंगमंचावर उभारलेल्या दिवाणखान्याला, वाड्याच्या चौकाला किंवा चाळीच्या गॅलरीलाच नेपथ्य म्हटले जाऊ लागले. दूरचित्रवाणीच्या बातम्यांसाठी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे आभासी नेपथ्य घडवले गेले त्याला हा शब्द दोन्ही अर्थांनी लागू पडतो, कारण प्रेक्षकाला दिसणारे विस्तीर्ण दालन, काचेच्या भिंती, उंच छत आणि मागे लुकलुकणारे महानगर हे सारे प्रत्यक्षात शेजारच्या खोलीतील संगणकात असते, तर निवेदक जिथे बसलेला असतो ती जागा एकाच रंगाने रंगवलेली रिकामी खोली असते. या नेपथ्याचा इतिहास तंत्रज्ञानाच्या अंगाने अनेकदा सांगितला जातो. त्याकडे बातम्यांच्या टेबलाच्या अंगाने पाहिले तर वेगळेच काही दिसते, कारण बाकी सारे आभासी झाल्यावरही जी वस्तू सर्वांत शेवटपर्यंत लाकडाचीच राहिली ती म्हणजे हे टेबल.

बातमीला मुळात जागेची गरज नसते. वर्तमानपत्रातील बातमी कोणत्या खोलीत लिहिली गेली हे वाचकाला ठाऊक नसते आणि आकाशवाणीवरील बातम्या देणारा माणूस कोठे बसला आहे याचा श्रोता विचार करत नाही. बीबीसीने ५ जुलै १९५४ रोजी दूरचित्रवाणीवर रोजचे बातमीपत्र सुरू केले तेव्हा हाच संकेत पाळला गेला. पडद्यावर छायाचित्रे, नकाशे आणि चित्रफिती दिसत, वाचणाऱ्याचा केवळ आवाज ऐकू येई. निवेदकाचा चेहरा दिसला तर भुवईच्या एखाद्या हालचालीनेही बातमीला मताचा रंग चढेल, अशी त्यामागची भीती होती. पुढच्याच वर्षी २२ सप्टेंबरला आयटीव्ही ही प्रतिस्पर्धी वाहिनी सुरू होणार होती आणि तिच्या बातम्यांत निवेदक दिसणार होते, तेव्हा बीबीसीने ४ सप्टेंबर १९५५ रोजी केनेथ केंडल यांना कॅमेऱ्यासमोर बसवले. चेहरा दाखवायचा ठरल्याबरोबर तो कोठे बसवायचा, त्याचे हात कोठे ठेवायचे, कागद कशावर मांडायचे आणि त्याच्या मागे काय दिसू द्यायचे हे प्रश्न आपोआप उभे राहिले, आणि बातम्यांच्या नेपथ्याचा इतिहास खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो.

टेबल हे या सर्व प्रश्नांचे सर्वांत सोपे उत्तर होते. ते हातांना आधार देते, कागद आणि मायक्रोफोन पेलते, कमरेखालचा भाग झाकते आणि बसणाऱ्याला अधिकार बहाल करते. कचेरीत टेबलामागे बसलेल्या माणसापुढे उभे राहण्याची सवय असलेल्या कोणत्याही समाजाला हा शेवटचा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मागची भिंत मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. भारतात दिल्लीहून १५ ऑगस्ट १९६५ पासून रोजचे बातमीपत्र सुरू झाले आणि प्रतिमा पुरी यांचा चेहरा त्या बातमीपत्राशी जोडला गेला. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि स्मिता पाटील, भक्ती बर्वे, अनंत भावे, प्रदीप भिडे हे निवेदक मराठी घरांत ओळखीचे झाले. त्या कृष्णधवल बातम्या पाहिलेल्या पिढीला निवेदकाचा उच्चार, साडीचा काठ किंवा चष्म्याची चौकट आठवते, पण मागे नेमके काय होते हे फारसे कोणी सांगू शकत नाही, आणि त्या काळच्या नेपथ्याचे तेच यश मानले पाहिजे.

मागच्या भिंतीला बोलके करण्याची युक्ती बातम्यांच्या जगात चित्रपटाकडून आली. एका ठिकाणी चित्रित केलेला माणूस दुसऱ्या ठिकाणच्या दृश्यात बसवायचा तर त्या माणसाच्या आकाराचे छिद्र दुसऱ्या दृश्यात कोरावे लागते. अशा चालत्या-बोलत्या आकाराबरोबर बदलत जाणाऱ्या छिद्राला चित्रपटाच्या परिभाषेत ट्रॅव्हलिंग मॅट म्हणतात. फ्रँक विल्यम्स यांनी १९१८ मध्ये काळ्या पार्श्वभूमीवर आधारलेल्या पद्धतीचे पेटंट घेतले, लॅरी बटलर यांनी १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ या रंगीत चित्रपटात निळ्या पडद्याचा प्रभावी वापर केला, आणि पेट्रो व्लाहोस यांनी १९५९ च्या ‘बेन-हर’साठी केसांची टोके, धूर आणि काच यांच्या अर्धपारदर्शक कडा जपणारी पद्धत बसवली. चित्रपटात हे काम प्रयोगशाळेत अनेक दिवस चाले. दूरचित्रवाणीला ते त्याच क्षणी हवे होते. रंगीत दूरचित्रवाणीत कॅमेऱ्याचा संकेत तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन घटकांत वेगळा मिळत असल्याने, चित्राच्या ज्या बिंदूवर ठरावीक रंगाचे प्रमाण इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आहे तिथे दुसरे चित्र दाखवायचे, अशी सोय विद्युत-मंडलाद्वारे करता आली. हिलाच क्रोमा की म्हणतात; बीबीसीच्या लोकांनी तिला कलर सेपरेशन ओव्हरले असे लांबलचक नाव दिले होते. व्लाहोस यांनी पुढे १९७६ मध्ये अल्टिमॅट ही कंपनी स्थापन करून आपली चित्रपटातील पद्धत व्हिडिओसाठी यंत्रात उतरवली, आणि बातम्यांच्या आभासी नेपथ्याची पहिली अट, म्हणजे निवेदकाला त्याच्या केसांसकट स्वच्छ कापून काढणे, तिच्यामुळे पुरी झाली.

या कामासाठी आधी निळा रंग निवडला गेला, कारण माणसाच्या त्वचेत, मग ती कोणत्याही वर्णाची असो, निळ्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. हिरव्याकडे वळण्याची कारणे अधिक यांत्रिक होती. दूरचित्रवाणीच्या जुन्या मानकात चित्राच्या उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ५९ टक्के, तांबड्याचा ३० टक्के आणि निळ्याचा केवळ ११ टक्के धरला जातो, त्यामुळे हिरव्या भिंतीला कमी प्रकाश पुरतो आणि तिच्यापासून मिळणाऱ्या संकेतात खरखर कमी असते. डिजिटल कॅमेऱ्यांच्या संवेदकांतही हिरवे बिंदू सामान्यतः इतर प्रत्येक रंगाच्या दुप्पट असतात. भिंतीवरून उसळून निवेदकाच्या खांद्यावर, गालाच्या कडेवर पडणारी हिरवी झाक, जिला या व्यवसायात स्पिल म्हणतात, ती पुसणे हे मात्र त्यामुळे अधिक कठीण झाले. मराठी निवेदिकेच्या दृष्टीने या निवडीला एक सांस्कृतिक किंमतही आहे, कारण ज्या समाजात हिरवा चुडा आणि हिरवे लुगडे सौभाग्याचे मानले जाते तिथे नेमका हाच रंग स्टुडिओत वर्ज्य ठरला. हिरव्या बांगड्या घालून ती या भिंतीपुढे बसली तर यंत्र तिचे मनगट भिंतच समजेल आणि तळहात हवेत तरंगू लागतील.

क्रोमा कीचा बातम्यांतील पहिला मोठा लाभार्थी हवामानाचा नकाशा होता. बीबीसीवर ११ जानेवारी १९५४ रोजी जॉर्ज काउलिंग यांनी पहिल्यांदा प्रेक्षकांसमोर उभे राहून हवामान सांगितले ते कागदी नकाशा आणि कोळशाची कांडी घेऊन, १९७५ मध्ये त्याच वाहिनीवर चुंबकाने चिकटणारी ढग-सूर्याची चिन्हे आली आणि १९८० च्या दशकात संगणकावर काढलेले नकाशे रूढ झाले. असा नकाशा मागे असताना निवेदक प्रत्यक्षात कोऱ्या भिंतीकडे हात करत असतो आणि बाजूच्या मॉनिटरवर स्वतःला पाहून बोट कोकणावर आहे की विदर्भावर हे ठरवत असतो. आभासी स्टुडिओतील निवेदनाचे जे खास कौशल्य आज शिकवले जाते, म्हणजे जे समोर नाही ते समोर असल्यासारखे वागणे, त्याचे पहिले शिक्षक हे हवामानवालेच होत.

तरीही नकाशापुढे उभा माणूस आणि दालनात बसलेला माणूस यांत एक मूलभूत फरक होता. नकाशा सपाट असतो, तर दालनाला खोली असते, आणि खोलीचे भान माणसाला मुख्यतः हालचालीतून होते. धावत्या गाडीतून पाहताना रुळाजवळचे खांब झपाट्याने मागे पडतात आणि दूरचा डोंगर जणू बरोबर चालतो; जवळच्या आणि दूरच्या वस्तूंच्या या सापेक्ष सरकण्याला पॅरॅलॅक्स म्हणतात व खगोलशास्त्राच्या मराठी परिभाषेत त्याला पराशय असा शब्द आहे. क्रोमा कीने निवेदकामागे बसवलेल्या दालनाच्या चित्रात पराशय नसतो, त्यामुळे कॅमेरा किंचित जरी हलला तरी निवेदक एकीकडे सरकतो, मागचे दालन आहे तिथेच राहते आणि सारा भ्रम क्षणात फुटतो. म्हणून जवळजवळ दोन दशके क्रोमा की वापरणाऱ्या स्टुडिओत कॅमेरा खिळवून ठेवलेला असे. आभासी नेपथ्याचा खरा प्रश्न सुंदर चित्र काढण्याचा कधीच नव्हता. कॅमेरा या क्षणी कोठे आहे, कोणत्या दिशेला किती अंशांनी वळला आहे आणि त्याच्या भिंगाने दृश्य किती जवळ ओढले आहे हे संगणकाला अचूक कळवणे हा तो प्रश्न होता. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिंथेव्हिजन या नावाने या दिशेने प्रयोग केले, ज्यात कॅमेऱ्याच्या हालचालीची मोजमापे घेऊन त्यानुसार पार्श्वभूमीचे चित्र सरकवले जाई.

बातम्यांच्या बाबतीत निर्णायक पाऊल बीबीसीने १३ एप्रिल १९९३ रोजी टाकले. त्या दिवशी बीबीसी वनच्या सर्व प्रमुख बातमीपत्रांना एकसारखे रूप देण्यात आले, आणि मार्टिन लॅम्बी-नेअर्न यांच्या संस्थेने घडवलेल्या या रूपात निवेदकामागचे भव्य, काचेचा भास देणारे, बोधचिन्हाने सजलेले दालन पूर्णपणे संगणकावर तयार केलेले होते. इतके तपशीलवार दृश्य कॅमेऱ्याच्या प्रत्येक हालचालीसरशी नव्याने काढणे त्या काळच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर होते, त्यामुळे या दालनात मोकळेपणाने फिरण्यापेक्षा त्याच्यापुढे रुबाबात बसणेच शक्य होते. टेबल मात्र खरे होते. त्यामागे काटकसर किंवा जुन्या सवयीचा हट्ट होता असे समजणे चुकीचे ठरेल. निवेदकाचे कोपर टेकते तिथे लाकडावर जी बारीकशी सावली पडते, कागद सरकवताना जो कडेचा भाग झाकला-उघडला जातो, तळहाताचे जे अस्पष्ट प्रतिबिंब उमटते, ते सारे संगणकाने काढायचे तर त्याला हाताचा आकार, वजन आणि हेतूही कळायला हवा; जिथे माणूस वस्तूला स्पर्श करतो तिथे आभास सर्वांत आधी उघडा पडतो, आणि बातम्यांत माणूस सतत कशाला स्पर्श करत असेल तर तो टेबलाला. १९९९ मध्ये बीबीसीने हे रूप बदलून पुन्हा प्रत्यक्ष बांधलेल्या नेपथ्याकडे मोर्चा वळवला, हेही नोंदवण्याजोगे आहे, कारण या क्षेत्रातील प्रगती सरळ रेषेत झालेली नाही.

दरम्यान १९९३ मध्येच सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकी कंपनीने ओनिक्स हा संगणक बाजारात आणला. कपाटाएवढा, लाखो डॉलर किमतीचा हा संगणक त्रिमितीय दृश्य क्षणोक्षणी नव्याने काढू शकत होता. या प्रत्येक वेळी नव्याने चित्र काढण्याच्या क्रियेला रेंडरिंग म्हणतात. भारत आणि युरोपातील पॅल मानकात सेकंदाला २५ चौकटी असल्यामुळे एका चौकटीला ४० मिलिसेकंद मिळत आणि तेवढ्यात संपूर्ण दालन काढून व्हावे लागे. या यंत्राभोवती हॅम्बुर्गपासून तेल अवीवपर्यंत अनेक छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. इस्रायलमध्ये १९९३ साली ओरॅड आणि पुढच्या वर्षी आरटी-सेट स्थापन झाली. आरटी-सेट २००० मध्ये नॉर्वेतील टीव्ही २ या वाहिनीतून बाहेर पडलेल्या पायलट या कंपनीशी एक झाली आणि त्यातून आजची विझआरटी जन्मली, जिची सॉफ्टवेअरे जगभरच्या वृत्तवाहिन्यांच्या नियंत्रण-कक्षांत आहेत.

कॅमेऱ्याचे स्थान ओळखण्याच्या, म्हणजे कॅमेरा ट्रॅकिंगच्या, त्या काळच्या युक्त्या नेपथ्याच्या इतिहासात स्वतंत्र प्रकरण ठरावे इतक्या कल्पक आहेत. सर्वांत रुळलेली रीत म्हणजे तिवईच्या प्रत्येक सांध्यावर आणि भिंगाच्या कड्यांवर फिरण्याचे माप घेणारे एन्कोडर बसवणे. ती अचूक असली तरी कॅमेरा खांद्यावर घेतला की निरुपयोगी ठरे. ओरॅडने निळ्या भिंतीवरच निळ्याच्या दोन छटांत असमान अंतराच्या रेघांची जाळी रंगवली आणि कॅमेऱ्याला दिसणाऱ्या जाळीच्या तुकड्यावरून त्याची जागा गणिताने काढली. अडचण एवढीच की निवेदकाचा चेहरा जवळून घेतला की भिंत झाकली जाई आणि कॅमेरा जणू दिशाहीन होई. बीबीसीच्या संशोधन विभागाने भिंतीऐवजी छताकडे पाहिले. तेथे प्रकाश परत फेकणाऱ्या गोलाकार बारकोडांच्या चकत्या चिकटवून आणि प्रत्येक स्टुडिओ कॅमेऱ्यावर वरच्या दिशेने पाहणारा एक छोटा कॅमेरा बसवून फ्री-डी नावाची प्रणाली त्यांनी १९९० च्या दशकात सिद्ध केली, आणि ही स्थितीची माहिती वाहून नेण्यासाठी तिच्यात ठरवलेली मांडणी आजही निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलण्यासाठी वापरतात. समुद्रात ताऱ्यांवरून होकायंत्राविना वाट काढणाऱ्या जुन्या नाखव्यांची पद्धत याहून तत्त्वतः वेगळी नव्हती.

नेपथ्यकाराचे काम या काळात सुताराच्या हाताखालून निघून हिशेबनिसाच्या वहीत गेले. आभासी दालन हे त्रिकोणी-चौकोनी पृष्ठतुकड्यांचे, म्हणजे पॉलिगॉनचे, बनलेले असते आणि चाळीस मिलिसेकंदांत किती तुकडे काढता येतील याला कठोर मर्यादा होती. गोल खांब हवा असेल तर तो बारा बाजूंचा ठेवायचा की आठ बाजूंवर भागवायचे, यावर खरोखरच विचार करावा लागे. दिव्यांचा प्रकाश आणि सावल्या त्याच क्षणी मोजणे तर अशक्यच होते, म्हणून त्या आधीच सावकाश मोजून भिंतींच्या आणि फरशीच्या चित्रांतच उतरवल्या जात, आणि या क्रियेला व्यवसायात प्रकाश ‘बेक’ करणे म्हणतात. संगीत नाटकांच्या काळातील रंगवलेल्या पडद्यांशी या रीतीचे नाते थेट आहे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नाटक मंडळ्यांसाठी राजवाड्यांचे आणि उद्यानांचे पडदे रंगवत तेव्हा त्यांनाही प्रकाश एका दिशेकडून येतो असे गृहीत धरून सावल्या कायमच्या रंगवून टाकाव्या लागत, आणि समोर उभ्या नटाची खरी सावली त्या रंगवलेल्या सावलीशी जुळेलच याची खात्री नसे. त्यांच्यापैकी बाबूराव पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘सैरंध्री’ (१९२०) पासून चित्रपटाकडे वळले आणि सपाट पडद्याऐवजी उभारलेल्या त्रिमितीय नेपथ्यासाठी ओळखले गेले. दूरचित्रवाणीच्या नेपथ्याने सत्तर-ऐंशी वर्षांनी नेमका उलटा प्रवास केला. म्हणूनच नव्वदच्या दशकातील आभासी स्टुडिओतील प्रकाशयोजनाकाराला, खरे दिवे नसलेल्या दालनातील खोट्या दिव्यांची दिशा आणि रंग पाहून निवेदकावरचे खरे दिवे लावावे लागत. निवेदक दालनात ‘चिकटवलेला’ वाटतो ही जुन्या आभासी नेपथ्यांवरची नेहमीची टीका बहुतेक वेळा चित्राच्या दोषापेक्षा प्रकाशाच्या या बेबनावामुळे होती.

आणखी एक अडचण प्रेक्षकाला कधी दिसली नाही, पण स्टुडिओत तिने पुष्कळ डोकेदुखी निर्माण केली. कॅमेऱ्याचे स्थान मोजणे, दालन काढणे आणि निवेदकाला कापून त्यात बसवणे यांत काही चौकटींचा वेळ जातो. चार चौकटींचा विलंब झाला तर तो १६० मिलिसेकंद होतो. म्हणून निवेदकाचे मूळ चित्र आणि त्याचा आवाज दोन्ही तेवढेच थांबवून ठेवावे लागतात, नाहीतर ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरा येतो. मॉनिटरवर स्वतःला पाहणाऱ्या निवेदकालाही आपला हात किंचित उशिरा उचलला गेलेला दिसतो आणि त्या उशिराशी जुळवून घ्यायला त्याला शिकावे लागते.

या पद्धतीची सर्वांत भव्य कसोटी जर्मनीत लागली. झेडडीएफ या सार्वजनिक वाहिनीने माइन्झ येथे सुमारे ३ कोटी युरो खर्चून बांधलेल्या आभासी वृत्तस्टुडिओतून १७ जुलै २००९ पासून बातम्या देण्यास सुरुवात केली, आणि चहूबाजूंनी हिरव्या असलेल्या त्या प्रचंड खोलीत रोज तासन्तास काम करणाऱ्यांनी तिला ‘ग्र्यूने होल्ले’, म्हणजे हिरवा नरक, असे नाव ठेवले. यंत्रमानवी बाहूंवरचे कॅमेरे, निवेदकाभोवती उगवणारे त्रिमितीय नकाशे आणि आराखडे, त्यांच्यासाठी राखलेला ‘समजावून सांगण्याचा कोपरा’ अशी सारी सोय तिथे होती, आणि मधोमध होते ते एक भलेमोठे, वळणदार, खरे टेबल. त्याच देशातील एआरडी या दुसऱ्या सार्वजनिक वाहिनीने ‘टागेसशाउ’ या बातमीपत्रासाठी एप्रिल २०१४ मध्ये नवा स्टुडिओ सुरू केला तेव्हा सुमारे २ कोटी ४० लाख युरो खर्चूनही हिरवा रंग टाळला आणि मागे सुमारे १८ मीटर रुंदीची वळणदार चित्रभिंत प्रत्यक्ष उभी केली. एकाच देशातील, एकाच प्रकारच्या निधीवर चालणाऱ्या दोन संस्थांनी पाच वर्षांच्या अंतराने दिलेली ही दोन विरुद्ध उत्तरे पाहिली की आभासी नेपथ्य हे केवळ पैसे वाचवण्याचे साधन आहे ही समजूत टिकत नाही. ब्रिटनमध्ये त्याआधीच वेगळा प्रवाह सुरू झाला होता. चॅनल ५ वर १९९७ मध्ये कर्स्टी यंग टेबलामागे बसण्याऐवजी टेबलाच्या कडेला टेकून बातम्या देऊ लागल्या, आणि बीबीसीने २०१३ मध्ये लंडनमधील नव्या इमारतीत जाताना निवेदकामागे खरेखुरे, कामात गढलेले वृत्तदालन उघडे ठेवले.

निवडणुकीच्या रात्री मात्र आभासी नेपथ्याला प्रतिस्पर्धी नव्हता, कारण आकडे हे मुळातच निराकार असतात आणि त्यांना कोणताही आकार दिला तरी तो खोटा ठरत नाही. बीबीसीचा स्विंगोमीटर, म्हणजे मतांचा कल दाखवणारा काटा, १९५० च्या दशकात पुठ्ठ्याचा होता. पीटर स्नो यांच्या हाती १९९७ मध्ये तो आभासी झाला. अमेरिकेत ४ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएनएनने शिकागोतील एका तंबूत वार्ताहर जेसिका येलिन यांच्याभोवती ३५ कॅमेऱ्यांचे कडे उभारून त्यांची प्रतिमा न्यूयॉर्कच्या स्टुडिओत उभी केली आणि तिला होलोग्राम म्हटले. ते नाव शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे होते, कारण स्टुडिओतील वुल्फ ब्लिट्झर यांच्यासमोर हवेत काहीही तरंगत नव्हते. प्रतिमा केवळ प्रेक्षकांकडे जाणाऱ्या चित्रात मिसळलेली होती. शब्दाची ही उधारी तेव्हा करमणूक म्हणून सोडून दिली गेली.

भारतात चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्यांचे पेव एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फुटले. मराठीत झी २४ तास आणि स्टार माझा २००७ मध्ये, तर आयबीएन लोकमत २००८ मध्ये सुरू झाली, आणि स्टार माझाचे २०१२ मध्ये एबीपी माझा झाले. मुंबईसारख्या शहरात, जिथे जागेचा भाव चौरस फुटांत आणि तोही धसका बसेल असा सांगितला जातो, एका हिरव्या खोलीत सकाळी शेतीचा कार्यक्रम, दुपारी आरोग्याचा आणि रात्री राजकीय चर्चा असे तीन निरनिराळे महाल उभे करता येणे हा मोठाच लाभ होता. सुतार, रंगारी आणि गोदाम यांचा खर्च वाचतो आणि दोन कार्यक्रमांच्या मध्ये दालन बदलायला एक कळ पुरते. भारतीय वाहिन्यांनी मात्र या सोयीचा वापर दालनापुरता ठेवला नाही. युरोपीय नेपथ्यकारांनी आभासी दालन शक्यतो नजरेत न भरेल असे ठेवण्याचा प्रयत्न केला, तर इथे त्याला नाटकी प्रसंगाचे रूप आले. फेब्रुवारी २०१८ मध्ये दुबईत श्रीदेवी यांचे निधन झाल्यावर काही वाहिन्यांनी बाथटबची संगणकीय चित्रे दाखवून मृत्यूचा प्रसंग उभा केला, युक्रेन युद्धाच्या काळात निवेदकांच्या शेजारी रणगाडे आणि क्षेपणास्त्रे येऊन थांबली, आणि जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ गुजरातच्या किनाऱ्याकडे सरकत असताना एका हिंदी वाहिनीच्या वातानुकूलित स्टुडिओत निवेदिका छत्री धरून आभासी वाऱ्याशी झुंजत डोलताना दिसली. या प्रसंगांची समाजमाध्यमांवर टर उडवली गेली, तरी त्यांतला दोष तंत्राचा नसून वृत्तविवेकाचा आहे, कारण दालन आभासी असले तरी ते कोणतेही विधान करत नाही, पण बाथटब करतो.

याच तंत्राचा संयमित वापर किती उपयोगी ठरू शकतो हे अमेरिकेतील द वेदर चॅनलने दाखवले. सप्टेंबर २०१८ मध्ये फ्लॉरेन्स हे चक्रीवादळ येत असताना त्या वाहिनीने निवेदिकेभोवती आभासी पाणी आधी ३, मग ६ आणि शेवटी ९ फुटांपर्यंत चढवले, आणि ‘नऊ फूट पाणी’ म्हणजे डोक्याच्या कितीतरी वर हे आकड्यांतून न कळणारे वास्तव काही सेकंदांत उलगडले. बिपरजॉयच्या छत्रीशी याची तुलना केली तर फरक लगेच कळतो; इथे पाण्याची उंची मोजमापाशी बांधलेली होती, तिथे वाऱ्याचा वेग केवळ अभिनयाशी. हे दृश्य अनरियल इंजिन या, मूळ संगणकीय खेळांसाठी बनवलेल्या, सॉफ्टवेअरवर काढलेले होते. एपिक गेम्स या कंपनीने २०१५ मध्ये ते वापरण्यास मोफत केल्यानंतर तुर्कस्तानातील झिरो डेन्सिटीसारख्या नव्या कंपन्यांनी त्यावर वृत्तस्टुडिओंची साधने बांधली, आणि पूर्वी कपाटभर संगणकाला जमत नव्हते ते काम, म्हणजे खरी प्रतिबिंबे, हलत्या सावल्या आणि दूरची वस्तू भिंगातून दिसावी तशी धूसर करणे, खेळांसाठी बनलेल्या ग्राफिक्स कार्डांच्या जोरावर टेबलाखाली मावणारे यंत्र करू लागले. नेपथ्यकार आता उलट काळजीत पडला: संगणकाने काढलेली फरशी फार स्वच्छ, काच फार निर्मळ आणि कडा फार धारदार दिसते म्हणून तो तिच्यावर मुद्दाम ओरखडे, बोटांचे ठसे आणि धुळीची पातळ झाक चढवतो, ज्या गोष्टी पुसण्यासाठी खऱ्या स्टुडिओत माणूस नेमलेला असतो.

खऱ्या टेबलाची मक्तेदारी मोडली ती याच टप्प्यावर. निवेदकाला उभे करून फिरते ठेवण्याची रीत रुळली होती, कॅमेरा त्याच्या पायांपर्यंत पोचू लागला होता आणि त्याची सावली आभासी फरशीवर पाडणे शक्य झाले होते, तेव्हा अनेक वाहिन्यांनी टेबलही संगणकात ढकलले. माणूस त्याला स्पर्श करणार नाही एवढीच अट होती. आज अशा स्टुडिओच्या हिरव्या जमिनीवर तितक्याच हिरव्या, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्यांच्या आत टेबल आहे असे समजायचे असते, आणि निवेदक बातम्या सांगता सांगता, नसलेल्या टेबलाच्या कोपऱ्याला कंबर लागू नये म्हणून, त्या पट्ट्यांना वळसा घालून पुढे जातो.